वरच्या उतारावरची बाता

२९ ऑक्टोबर

कोक-झारच्या लोकांनो! पहिला बर्फ दरवर्षी आपल्या डोंगरावर पडतो आणि पहिले पाहुणे मात्र पलीकडच्या खोऱ्यात जातात. का? कारण ते स्कीची लिफ्ट सुरू करतात, आणि आपण आभाळाकडे बघत चहा पितो!

— सुरुवात हीच. आरशासमोर म्हणून पाहिली. "चहा पितो"वर थांबायचं. हशा येईल. तो ओसरायच्या आत पुढचा घाव.

उद्या सभा. दाराबाहेर गुडघाभर बर्फ आहे. ऑक्टोबरात इतका! आणि आपण अजून डिसेंबरची वाट बघायची?

३० ऑक्टोबर

जिंकले. २५ नोव्हेंबरला स्कीचे दोन्ही उतार सुरू — खालचाही आणि वरचाही.

सालकिन उभी राहिली होती. माझ्या बहिणीची मुलगी, उतारांवरच्या बर्फाची तपासणी तिच्याकडे. म्हणाली, हा बर्फ फार लवकर आलाय, त्याचा भरवसा धरू नका. पुढे कोरडी थंडी दिसते आहे, त्यात तळाचा थर — तिला मी तिथेच तोडलं. "सालकिन, बाळ, बर्फाने पडायच्या आधी तुझी परवानगी काढायची असते, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसेल."

सभागृह हसून लोळलं. लिफ्टचा मेकॅनिक मिक्तिबेक तर टोपी मांडीवर आपटून आपटून हसला. सालकिन खाली बसली.

आणि मग गावाने तळवे पुढे केले. माझ्याकडे! बाता, म्हणजे तळवे उघडून द्यायचा थोरांचा आशीर्वाद, द्यायची ती म्हाताऱ्या पुरुषांनी, बाईने नाही — आजवरची रीत. कादिर म्हातारा हात खिशात घालून बसून राहिला. बसू दे. मी दोन्ही तळवे उघडले, डोंगराला आशीर्वाद दिला, उताराला दिला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिला. "ओमिन" म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. जन्मभर पुस्तकं वाचली, भाषणं केली, पण असा आवाज मला कधी मिळाला नव्हता.

८ नोव्हेंबर

निरभ्र. कडक थंडी. रेडिओवर पुढच्या आठवड्याचा अंदाजही हाच. लोक खूश — बर्फ टिकतोय! वाटेत भेटेल तो मला थोरली बहीण मानून म्हणतो, एजे, तुमच्या बातेला थंडीसुद्धा भ्याली, हलेना.

सालकिन चहाला आलेली नाही. सभेपासून.

१३ नोव्हेंबर

कणकेचे बोरसोक तळले. तिला आवडतात म्हणून जास्त तळले. आली नाही.

१६ नोव्हेंबर

शेवटी मीच वर गेले. सालकिन वरच्या उताराच्या कडेला खड्डा खणत होती. मला बघून थांबली नाही. फक्त म्हणाली, "ये मावशी. वाक. हात घाल."

वरचा थर कडक, पापडासारखा. त्याखाली हात घातला तर बर्फ नाहीच! साखर. जाड, सुटी, चमचमणारी साखर. मुठीत धरली तर गोळा होईना, बोटांतून सांडून गेली.

"ऑक्टोबरचा बर्फ हा," ती म्हणाली. "पातळ होता, वर थंडी बसली. सावलीच्या बाजूला सगळीकडे असाच झालाय. याच्यावर जड बर्फ पडला की हा तोलून धरणार नाही."

"आणि पडेल कधी?"

"चोवीसपासून. सरोवराकडून वारा आहे, आणि पाठोपाठ बर्फ. अंदाज पक्का होत चाललाय."

मला राग आला. कुणाचा, तेव्हा कळलं नाही. "मग हे असं सरळ सभेत सांगायचं होतंस ना!"

"सांगतच होते, मावशी."

उतरताना माझा हात तिने धरला होता.

१७ नोव्हेंबर

जुमादिलकडे गेले. स्कीतळाचा व्यवस्थापक. म्हटलं, तारीख पुढे ढकल. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "एजे, तारखेचं मी बघेन हो. पण बातेचं काय? दिलेली बाता कुणी परत घेतल्याचं ऐकलंय तुम्ही?"

नाही ऐकलं.

मग हळूच म्हणाला, कादिर काय म्हणेल ते आधीच सांगतो — बाईला तळवे दिले की असंच व्हायचं.

वर्मी लागलं. त्याला ठाऊक होतं लागणार म्हणून.

त्याने तोडगा काढला. खालचा उतार धोक्याचा नाही, तो ठरल्या दिवशी सुरू करू. वरच्या उताराला दोरी बांधून तो बंद. गवगवा नको, पुन्हा सभा नको, बाता आहे तिथे राहील. मी मान डोलावली. सालकिनला वाटलं होतं मी सभा बोलावीन. वाटणारच! वीस माणसं दिसली की बाकावर चढून बोलणारी मी. ती म्हणाली, "दोरी कशासाठी आहे, एवढं तरी तू गावाला सांग. तुझं ऐकतात." मी म्हटलं, दोरी दिसते की सगळ्यांना.

२४ नोव्हेंबर

वारा. दुपारपासून बर्फ. सालकिनचा अंदाज तासाभरानेही चुकला नाही.

२५ नोव्हेंबर

सुरू झालं! पाहुण्यांच्या गाड्या पार पुलापर्यंत. बर्फ पडतोच आहे. खालच्या उतारावर पोरंबाळं घसरतात, पडतात, हसतात. बायकांनी गरम चहाची पातेली मांडली आहेत. मिक्तिबेक लिफ्टच्या खोपटातून ओरडला, "एजे, तळवे मिटा आता, किती बर्फ पाडाल!" मी हसले. खूप हसले. वरच्या दोरीकडे पाहिलं नाही.

२७ नोव्हेंबर

वरचा कडा सुटला.

वाऱ्यामुळे लिफ्ट दुपारी थांबवली होती. मिक्तिबेकला काम नाही. स्की खांद्यावर टाकून चढत गेला आणि दोरीखालून वाकला. सालकिन तिथेच होती. तिने त्याची बाही धरली. तो म्हणाला — तिनेच मला सांगितलं, आवाज न चढवता, एकेक शब्द —

"दोरी तुझी आहे पोरी. बाता एजेची. थोरलं कोण?"

थोडाच वर गेला असेल. सगळा उतार एकदम खाली आला, पलंगावरची चादर ओढावी तसा. सालकिन काठावर वाचली. लांब काठी बर्फात खुपसत एकटीच शोधत राहिली. मग खालून माणसं फावडी घेऊन धावली. काठी अडली ती त्याच्या पाठीवर. काढला तेव्हा निळा पडला होता. पण श्वास होता! बरगड्या मोडल्या आहेत, जगेल म्हणतात.

सालकिनची दोन बोटं काळी पडली आहेत. हातमोजा कुठे गेला, तिला आठवत नाही.

मी सांगायला हवं होतं. चार वाक्यांचं काम होतं. जन्मभर नको तिथे चाळीस बोलले.

२८ नोव्हेंबर

मिक्तिबेकची बायको आली. मला वाटलं, थुंकेल. थुंकायला हवं होतं. तिने परात पुढे केली — मेंढी कापली होती, मानाचं हाड माझ्यासाठी. रडत म्हणाली, "तुमच्या बातेनं वाचला, एजे. शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच बोलला."

संध्याकाळी कादिर. तोच! काठी टेकत आला, टोपी काढली. म्हणाला, मी तेव्हा हात खिशात ठेवले ते चुकलं. सगळं गाव म्हणतंय, आता पुन्हा एकदा बाता द्या, खास वरच्या उतारासाठी. मग ती दोरी काढून टाकू.

सालकिनचं नाव कुणी काढलं नाही. हाड तसंच परातीत आहे.

२९ नोव्हेंबर

सभा मी बोलावली आहे. आरशासमोर उभी राहिले नाही.

कोक-झारच्या लोकांनो! मिक्तिबेकला माझ्या तळव्यांनी वर पाठवलं आणि सालकिनच्या काठीने खाली आणलं. ती सांगत होती तेव्हा मी तुम्हाला हसवलं. आज मी बाता परत घेते. बाईचा शब्द म्हणून हसायचं असेल तर हसून घ्या. आणि मग उठा, खुंट घ्या, आणि सालकिनच्या मागून चला — वरच्या उताराला दुसरी दोरी बांधायला.