माहेरच्या मातीचं विरजण

१६ जुलै १९८१
गच्चीवरच्या चवळीला शेंगा धरल्या. एक रोप उपटून पाहिलं, मुळांना गाठी भरपूर. माती जिवंत आहे. माहेरचं शेत धरणात गेलं, तेव्हा आणलेली दोन पोती. वर्षभर पंचवटीतल्या देवळातलं निर्माल्य आणि घरातला ओला कचरा घालून वाढवली.
सासूबाई: "निर्माल्य गंगेत सोडायचं असतं. तू कांद्याच्या सालींत कुजवतेस. तेही चातुर्मासात."
सालींचा डबा उचलून वर गेले.

२३ जुलै
सासूबाईंना गाठी दाखवल्या. वर्गात मुलींना सांगते तसंच सांगितलं, यात जिवाणू असतात, तेच रोपाला पोसतात.
"म्हणजे किडेच ना?"
कपाळ माझं. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी समजवा. हे पेपरात डोकं घालून.

४ ऑगस्ट
शाळेतून आले तर वाफे रिकामे. विटा धुऊन रचलेल्या.
सासूबाईंनी हातगाडीवरून सगळी माती रामकुंडावर नेली. हळदकुंकू वाहून सोडली. "फुलांची माती झाली तरी देवाचीच. नीट विसर्जन केलं गं." वर माझ्या हातावर साखर.
माझं माहेर दुसऱ्यांदा पाण्यात गेलं. ह्यांना सकाळीच माहीत होतं.

५ ऑगस्ट
जेवण गेलं नाही. हे म्हणतात, "दुसरी आणू. नाशकात मातीला काय तोटा?"
तोंड बघायची इच्छा नाही.

९ ऑगस्ट
आज भडकलेच. तेव्हा कळलं, ती माती माहेरची हे सासूबाईंना ठाऊकच नव्हतं. सांगतो म्हणाले होते हे. सांगितलं नाही, उगाच कटकट नको म्हणून.
सासूबाई ह्यांच्याकडे वळल्या. "आधी कळलं असतं तर..."

१२ ऑगस्ट
सासूबाईंनी वाटी पुढे ठेवली. काळी, ओली माती. उन्हाळ्यात तुळस सुकत होती, तेव्हा गुपचूप माझ्या वाफ्यातली ओंजळभर घातली होती म्हणे. किडे म्हणायच्या तिला. आज तुळशीला नमस्कार करून चमच्याने काढली.
"विरजणापुरती पुरेल ना?"
नदीकाठचा गाळ आणला, त्यात कालवली. चवळी पेरली. ह्यांच्याशी अजून अबोला.

१९ सप्टेंबर
चवळी वीतभर. पानं पिवळट. नुसत्या गाळात असंच होतं... की अजून वेळ आहे?
सासूबाई रोज वर येतात, गुडघे धरून. "एखादं उपटून बघ ना, गाठी आल्यात का."
उद्या बघू म्हटलं. कालही हेच म्हटलं होतं.