धूर आवरणारी गाडी

आबा, सकाळी कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकापाशी जीप थांबवून तुम्ही माझी कॉलर पुसायचात. पांढरा गणवेश आणि आपल्या जीपचा काळा धूर. मुरबाडहून कल्याणला मी तुमच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला गुडघे टेकवून बसायचे. मागे दाटीवाटीने उतारू, आणि त्यांच्याही मागे पायरीवर उभा दादा, शाळा सोडलेला, "कल्याण, कल्याण" ओरडणारा. तुम्ही ओलं फडकं फिरवलं की डाग आणखी पसरायचा. तुम्ही म्हणायचात, "जा गो, काय नाय दिसत." दिसायचं, आबा. वर्गातल्या मुली मला डिझेल म्हणायच्या. तुम्हाला मात्र त्या धुराचा अभिमान होता. चढावाला गाडीने काळा लोट सोडला की तुम्ही मागे वळून सांगायचात, "धूर म्हंजे दम." उतारू हसायचे, आणि दादा त्या लोटातच उभा असायचा.

आता मी शहापूरला राहते आणि माझी स्वतःची गाडी आहे. तीही डिझेलची. सिद्धगडाखालच्या आपल्या गावी जाऊन दादाला कल्याणच्या दवाखान्यात न्यायचं, परत आणून सोडायचं, एवढ्याचसाठी घेतली. दादाची छाती गेली आहे. डॉक्टरांनी त्याला विचारलं, बिडी किती ओढता? तो म्हणाला, कधीच नाय. मग त्यांनी विचारलं, काम काय करायचात? म्हणून गाडी घेताना मी विकणाऱ्याला एकच गोष्ट विचारली होती, धूर किती सोडते? त्याने इंजिन चालू करून माझाच रुमाल मागून घेऊन धुराच्या नळीपाशी धरला. रुमाल पांढरा राहिला. मी तिथेच पैसे भरले.

आणि आता कंपनी कळवते की गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून घेणं सक्तीचं आहे, नाहीतर पुढचं पासिंग होणार नाही. का, ते मी दहादा विचारल्यावर कळलं. धुराची तपासणी चालू आहे हे त्या कॉम्प्युटरला ओळखता यायचं. तेवढा वेळ तो विष आवरून धरायचा आणि रस्त्यावर आला की मोकळा सोडायचा. मोठ्या मदर पाहणीला यायच्या त्या दिवशी आम्ही मुली जशा हाताची घडी घालून बसायचो, तसंच. पण आम्ही मुली होतो. हे शिकलेले, टाय लावलेले पुरुष आहेत, आणि त्यांनी हे बसून, विचार करून केलं. तुमचा धूर निदान काळा होता, आबा. समोरच्याला तोंडावर पदर घेता यायचा. ह्यांचं रुमालावर उमटतसुद्धा नाही. मी दादाला बरा करायला न्यायची आणि वाटेवरच्या प्रत्येक पाड्याला तेच पाजत जायची.

हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरात माझ्यासारखे बरेच जण येऊन बसले होते. करावं की नको, हीच चर्चा. वासिंदचा एक गाड्या भाड्याने देणारा मला म्हणाला, "मॅडम, नका करू. भावाची केली, कसाऱ्याच्या घाटात म्हातारी झाली गाडी. डिझेल पन जास्त पिते." दुसरा म्हणाला, "नाय केली तर पासिंग?" तो हसला. "करून घ्यायची, कागद घ्यायचा, मग माझ्याकडं यायचं. माझा मानूस लॅपटॉप लावून होती तशी करून देतो." सगळ्यांनी त्याचा नंबर घेतला, मीही. काउंटरवरचा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, पिकअपला काही फरक पडणार नाही." मी म्हटलं, "धूर नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतंत." तो म्हणाला, "तेव्हा मी इथे नव्हतो, मॅडम." तेव्हा कोणीच कुठे नव्हतं, आबा. मी चिडून तशीच घरी आले.

दादाचा फोन आला. "अपडेट नको करू गो. आपला चढाव हाय, गाडी मधीच बसली तर मी काय चालत येनार?" खरी भीती होती त्याची. दहा पावलांत त्याला धाप लागते. गाडी चढली नाही तर दवाखाना बंद, आणि पासिंग झालं नाही तरीही दवाखाना बंद. मी दोन दिवस जेवले नाही नीट. मग जाऊन अपडेट करून घेतलं. कंपनीवर विश्वास म्हणून नाही. त्यांचं खोटं माझ्या नावावरच्या गाडीतून बाहेर पडू नये म्हणून.

परवा दादाला घेऊन निघाले. चढावाला गाडी खरंच मंदावली. दुसरा गिअर, मग पहिला. मागे एक ट्रक भोंगा वाजवत राहिला. दादा म्हणाला, "काय गो, गाडीला पन कॉन्व्हेंटात घातलीस काय? तोंडातून आवाज नाय काढत." आणि हसताना त्याला खोकला लागला, तो थांबेना. मला इतका राग आला की मी बोलून गेले, "आबांच्या धुरानेच तुझी छाती खाल्ली."  श्वास परत आल्यावर तो म्हणाला, "त्याच धुरावर तू शिकलीस ना?" मागचा भोंगा चालूच होता. चढाव मात्र गाडी चढली. हळू, पण चढली.

आता त्याने आपल्या मुलाला सांगून, माझ्या फोनमधून नंबर काढून, गाडी होती तशी करायला त्या वासिंदच्या माणसाची वेळ घेतली आहे. माझ्या पाठीमागे. म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही गेलात, तुम्हाला हे पोचायचं नाही, कपाटात घड्या करून ठेवायचं, हे मला ठाऊक आहे. तुमच्यावर मी रागावलेय, आबा, ह्या वयात, आणि कंपनीवर रागावते तशी नाही रागावता येत. डिझेलच्या पंपावर मी अजूनही काच खाली करते. तो वास यावा म्हणून.

तर कपाट उघडेल त्याने माझ्यामागे, मी गेल्यावर, असं करावं. गाडी दादाच्या मुलीला द्यावी. ती हळू चालवते आणि भोंग्याला घाबरत नाही. दादाच्या मुलाला माझं शहापूरचं घर घेऊ दे, गाडीची किल्ली नको. प्रोग्राम कोणी मागे फिरवायचा नाही. दादाला गाडीतलं काही देऊ नये, फक्त पुढची सीट द्यावी, तो आहे तोवर, आणि चढावाला तो काहीही बोलला तरी त्याला उलट उत्तर देऊ नये.