घटकाभर

३ मार्च
आलो एकदाचे! कलादालनाच्या वरच्या दोन खोल्या नोकरीसोबत मिळाल्यात. खिडक्या मोठ्या, हवा मोकळी. बाबांच्या दमेकरी छातीला आणखी काय हवं? दादाने कधीच हात वर केलेत, म्हणे बाबांना तुझ्याकडेच बरं वाटतं. आहाहा, काय ते प्रेम! बाबांनी आल्या आल्या खिडकीशी खुर्ची ओढली आणि म्हणाले, घटकाभर बस गं माझ्यापाशी. म्हटलं, आधी सामान लावू दे.

खाली भिंतभर पडदा आहे. त्यावर पाणी, पाण्यावर तळाला भोक असलेली एक वाटी. भरली की बुडते आणि नवी येते. पूर्वी अशाच वाटीने वेळ मोजायचे. वाटी बुडाली, घटका भरली. इथलं पाणी चित्रातलं, पण वेग खरा. गच्चीवरचा सेन्सर हवेतली ऊब आणि ओल मोजून क्षणोक्षणी खाली पाठवतो, त्यावर वाटी भरते. हवा कोंदट असली की घटका आखूड. घड्याळ सगळ्यांना एकच वेळ लादतं, पण प्रत्येक जागेची वेळ तिची तिची असते, असं मॅडमचं म्हणणं. मॅडम म्हणजे हे सगळं रचणाऱ्या कलाकार. मी आपली यंत्रं चालू ठेवायची.

९ मार्च
कबुतरांनी गच्चीवरच्या सेन्सरची वाट लावली. वाटी ढिम्म हलेना. मॅडमनी पाहुण्यांसमोर माझी अशी खरडपट्टी काढली की कान अजून गरम आहेत. कपाटात एक जुना सेन्सर सापडला, पण त्याची वायर गच्चीपर्यंत पोचेना. शेवटी बाबांच्या उशाशी लावून टाकला. हवा ती हवा, कोणाला कळतंय!

१२ मार्च
वाटीत जीव आलाय. जराशी वर, जराशी खाली, थांबत थांबत. लोक तासन्‌तास बघत बसतात आणि ती बुडाली की टाळ्या वाजवतात. मॅडम खूश, मला चक्क चहा पाजला.

वर आले तर बाबांच्या ताटातलं जेवण तसंच. म्हणाले, आत्ताच तर वाढलंस, एवढ्यात संध्याकाळ कशी झाली गं? मला हसू आलं. वाटलं, डुलकी लागली असेल.

१६ मार्च
सकाळी मी स्वतः बाबांची दाढी केली. दुपारी ती छातीवर लोळत होती. नखं वळलेली. अंगठी बोटातून गळून पलंगाखाली गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. दादाही फोनवर तेच म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून सुटला.

खाली टाळ्या वाजल्या की वर बाबा दचकतात. दर वेळी. मी बघितलंय.

१८ मार्च
सेन्सर उपटला. बाबांची छाती थांबली. ओठ निळे. परत लावला तेव्हा कुठे श्वास —

तशीच खाली धावले. मॅडमना सगळं सांगितलं, अक्षरशः पदर पसरला. त्यांचे डोळे लकाकले. म्हणाल्या, अखेर माझं काम खरं झालं, आता कशाला हात लावायचा नाही. वर म्हणे, पाटीवर बाबांचे आभार मानू. आभार! जळो मेले ते आभार.

१९ मार्च
मॅडमनी जाहीर केलंय, आता नवी वाटी येणार नाही. हीच शेवटची. खालचा पडदा मोबाइलवर बघतेय — काठाला दोन बोटं उरलीत. दादा फोन उचलत नाही. खाली गर्दी, मॅडम भाषण करताहेत —

नंतर
सेन्सर माझ्या तोंडाशी धरलाय. वाटी माझ्या श्वासावर हलायला लागली. आणि बाबा — बाबांची छाती आपली आपण चालू! गालांवर रंग. सुटले. माझे बाबा सुटले.

हात खाली घेतला की माझाच दम कोंडतो. असू दे.

नंतर
वेणी पांढरी. पेन धरवत नाही.

बाबा उठून बसले. चहा मागितला. मग दादा कधी येणार म्हणून विचारलं — अगोबाई, दादाच आठवला!

माझ्याकडे बघत राहिले. ओळखलं नाही. म्हणाले, अहो आजी, माझी मुलगी कुठे दिसली का? बसा ना इथे, येईलच. तिला मेलीला कधी बसायला वेळच नसतो.

बसलेय, बाबा —

वाटी काठाला. खाली टाळ्या सुरू —

बाबा हाताला धरून म्हणताहेत, बसा हो आजी, घटका भर