धोटा झोपवणारा हात

आप्पा, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आत बसलोय. बाहेर ऊन चढलंय. समोरचा चहावाला दोनदा डोकावून गेला, त्याला हातानंच नको म्हटलं. तुम्ही गेलात तेव्हा हे दुकान नव्हतं. तुम्हाला ठाऊक असलेला मी म्हणजे चादरीच्या कारखान्यात माग चालवणारा, तोही तुमच्याच हाताखाली. तुम्ही तिथले जॉबर, बिघडलेला माग जुळवून द्यायचं काम तुमचं. पुढं कारखाना बंद पडला, मी गाड्यांच्या कामाला लागलो, आणि गाडीच्या चाकापाशी जे जे असतं त्यातच अडकलो. स्प्रिंगा, शॉकअप, चाकांची अलाइनमेंट. तुम्ही माग जुळवायचात, मी गाड्या जुळवतो. आजवर कधी हिशेब मांडला नव्हता की ह्या दोन कामांत काही नातं असेल. तो ह्या दिवाळीत तुमच्या नातीनं मांडायला लावला.

नात तुम्ही पाहिली नाहीत. बरं झालं म्हणू की वाईट, कळत नाही, कारण ती बोलायला लागली की समोरच्याचं तोंड बंद होतं, आणि तुम्हा दोघांत कोण आधी गप्प बसलं असतं हे मला बघायचं होतं. पुण्याला नोकरी करते. जुनी पण जोरदार गाडी घेतलीय तिनं. दिसायला शेजारच्या मास्तरांच्या गाडीसारखीच, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. विमानं उतरणं बंद झालेल्या एका धावपट्टीवर शर्यत असते म्हणे. गाडी एकटीच सोडतात, पुढं-मागं कुणी नाही, भांडण फक्त घड्याळाशी. दिवाळीला आली ती डिकीत लोअरिंग स्प्रिंगा आणि नवे शॉकअप घेऊनच. म्हणाली, "पप्पा, हे तुम्हीच बसवायचं ओ. दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी द्यायची न्हाई मला." ऐकून छाती फुगली, पण लगेच ध्यानात आलं. हात माझा, पण त्यावर भरवसा टाकून वळणात शिरणार ती.

तुम्हाला समजावं म्हणून सांगतो. ह्या स्प्रिंगा मूळच्यांपेक्षा आखूड आणि कडक असतात. गाडी त्यांच्यावर खाली बसते आणि वळणावर कलंडत नाही. पण कडक स्प्रिंग दाबली गेली की तितक्याच हट्टानं उसळते. ती उसळी जिरवायची शॉकअपनं. कंपनीचा शॉकअप तिथं थकतो, गाडी बेडकासारखी उड्या मारते. नव्या शॉकअपच्या डोक्यावर एक बारीक नॉब असतो. तो टिक टिक करत फिरवला की आत तेलाची वाट अरुंद होते आणि उसळी मंदावते, उलटा फिरवला की मोकळी होते. स्प्रिंगेच्या जोराला शॉकअपची उसळी जुळवायची, एवढंच काम. इतकी वर्षं हे करतोय, तरी सुईच्या नाकाएवढ्या वाटेतून तेल सरकतं आणि एवढं लोखंड शहाण्यासारखं थांबतं, ह्याचं नवल माझ्या मनातून जात नाही.

ती आत बसल्यावर गाडी किती दबते ते बघायचं होतं, आणि तिला तर बाहेर उभी राहून मोबाइलवर चाकाचं चित्रण करायचं होतं. मग मी सोलापूरकराला सुचेल तेच केलं. घरातला चादरींचा गठ्ठा तिच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला. "माज्या जागी चादरी? अजून एक टाका की, दिवाळीत फराळ लई झालाय," म्हणाली. टाकली. मग नॉब फिरवायला घेतला आणि तुमचा आवाज कानात आला.

तो दिवस मला स्वच्छ दिसतो. पोटात सुताची कांडी घेऊन धोटा ह्या पेटीतून सुटतो, ताण्याच्या धाग्यांमधून पळत जातो, त्या पेटीत जाऊन थांबतो, की लगेच परत फेकला जातो. डोळ्याला धोटा दिसतच नाही, नुसती सावली. त्या दिवशी माझ्या मागावर धोटा पेटीत आपटून बोटभर मागं आला. पुढचा फटका अर्धवट बसला, धोटा वाटेतच अडकला आणि ताण्याचे धागे तटातट तुटले. तुम्ही आलात. शिव्या देणं तुमच्यात नव्हतंच, दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणालात, "उसळी आली की मेलं समज. धोटा परत यायला न्हाय पायजे." मग पेटीत धोटा थोपवणारा चामडी पट्टा आवळलात, माग चालू करायला लावलात आणि पेटीवर तळहात ठेवून उभे राहिलात. डोळे भलतीकडेच. थोडा वेळ हात तसाच, मग मान हलवून पुढच्या मागावर. डोळ्याला न दिसणारी गोष्ट तुम्ही हातानं बघत होता, आणि मी मात्र शब्द तेवढे घेऊन बसलो. उसळी यायला नाही पाहिजे.

म्हणून मी नॉब आवळला. चांगलाच आवळला. चाकाजवळून गाडी दाबली तर ती हळूच वर येऊन गप्प. मी खूश, पोरगी खूश. दोघं मंद्रूपच्या रस्त्याला निघालो. उसाच्या ट्रॉल्यांनी त्या रस्त्याच्या पार लाटा करून ठेवल्यात. पहिली लाट गाडीनं गिळली, दुसरीही. तिसरीला गाडी कडक झाली, आणि पुढच्या वळणात मागची चाकं अलगद बाजूला सरकली. पोरीनं स्टिअरिंग सावरलं, गाडी बाजूच्या मातीत जाऊन उभी राहिली. मग तिनं मला रस्त्याकडेला उभं केलं आणि त्याच लाटांवरून गाडी हळू नेत मोबाइलवर चाक टिपायला लावलं. संथ करून बघितलं तर सरळ दिसत होतं. चाक वर दबत होतं पण खाली यायला त्याला वेळच मिळत नव्हता. खाली येण्याआधी दुसरी लाट. गाडी आपल्याच स्प्रिंगांवर दबत दबत शेवटी दगड झाली होती. उसळीला मी मारलं होतं, आणि तिच्याबरोबर चाकालाही. जॉबरच्या पोराशिवाय ही चूक दुसरा कुणी करणार नाही.

घरी आलो तर आई ज्वारी निवडत बसलेली. पोरीनं तिला सगळं सांगितलं, माझी चूक जरा जास्तच रंगवून. आई ताटातून मान वर न करता म्हणाली, "तुजे आप्पा आवळायचे, पर परत सैल करायचे की. लई आवळलं तर धोटा दगडावानी थांबायचा. मग कांडीवरलं सूत घसरायचं, आन् मला परत कांडी भरावी लागायची. ते म्हणायचे, धोटा मारायचा न्हाय, झोपवायचा." पट्टा आवळल्यावर पेटीवर तुमचा हात का रेंगाळायचा, ते इतक्या वर्षांनी कळलं. आवळताना मी बघितलं होतं. बोटांनी परत सैल करताना मी बघितलंच नव्हतं.

आई पुढं सहज बोलून गेली, "मी पयल्या मागाच्या तोंडालाच बसायची न्हवं कांड्या भरायला. धोटा उडाला तर थेट माज्या अंगावर." आप्पा, ही गोष्ट मला माहीत होती आणि नव्हतीही. आई कुठं बसायची ते रोज बघत होतो. तुम्ही सकाळी आल्या आल्या पहिला पहिल्याच मागाला हात लावायचात, तेही बघत होतो. वाटायचं, दाराजवळचा म्हणून. पोरीनं विचारलं, "आजी, भीती न्हाई वाटायची?" आई म्हणाली, "तेंचा हात लागला हाय म्हटल्यावर कसली भीती?" आणि खडे वेचू लागली.

मी उठून गाडीपाशी गेलो. पोरीला म्हटलं, आता तू आकडा सांग, मी हात लावतो. तिनं चित्रण बघून सांगायचं, मी एकेक टिक सैल करायचं आणि चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवून दाबायचं. दाबा, सोडा, थांबा. असं करता करता एका टिकवर गाडी वर आली, किंचित जास्तच वर गेली, परत खाली टेकली आणि निजली. हाताखाली मला ते कळलं, आप्पा. अंगावर काटा आला. तुम्हाला हे दिवसभर, प्रत्येक मागावर, सगळा कारखाना खडखडत असताना कळत होतं. त्याच लाटांवरून परत गेलो. गाडी प्रत्येक लाट घेऊन सोडून देत होती. पोरगी म्हणाली, "पप्पा, आता हिला रस्ता कळतोय."

आज ती शर्यत आहे. पहाटे निघाली. चला म्हणून मागं लागली होती, मी दुकानात काम आहे म्हणालो. आई मात्र शर्यत बघायला तयार होऊन बसलेली, नवं लुगडं नेसून. म्हटलं, आई, ही गाडी कडक आहे, तुझी कंबर धरेल. तिनं एक चादर घडी करून सीटवर टाकली, तिच्यावर बसली आणि मला म्हणाली, "हात लागलाय न्हवं तुजा? मग झालं की."

दुकानात काम काही नाही, आप्पा. शटर पुरतं ओढून आतून कडी लावायला तेवढा उठलोय, आणि शर्यतीचं काही कळू नये म्हणून फोन पालथा ठेवलाय.