दोन थेंब पाणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी
काचेच्या पेटीत ठेवलंय त्याला. दिवस भरायच्या आधीच आला — घाई कसली होती कोण जाणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ताच काही सांगता येत नाही." म्हणजे सांगता येतं, सांगवत नाही.

बुधवार, ५
सासूबाईंनी पिशवीतून पांढरा झगा काढला. ह्यांच्या बाप्तिस्म्याचा, जपून ठेवलेला. "जरा आत घेऊन दे. पाळकसाहेबांना बोलावते." शिवणकामावर पोट आहे माझं, पण तो झगा आत घ्यायचा तर बाह्यांखेरीज उरणार काय? हसू आलं. मग राग आला. एवढ्या घाईचा बाप्तिस्मा कोणाला देतात ते मला ठाऊक आहे.
"तो घरी आल्यावर बघू," म्हटलं.
"अगं, मी काय त्याला निरोप द्यायला निघालेय?"
मी झगा घडी करून परत पिशवीत ठेवला.

गुरुवार, ६
पाळकसाहेब आले. बाहेरच्या बाकावर बसले. प्रवचन नाही केलं.
"बाप्तिस्मा म्हणजे मरणाची तयारी नव्हे, बाई. जगायचा परवानाही नव्हे. हे लेकरू माझं, असं देवानं म्हणणं — एवढंच."
"मग पाण्याशिवाय नाही का म्हणत तो?"
"म्हणतो. पाणी आपल्यासाठी. आपण विसरतो ना." मग हळूच म्हणाले, "मला आत जाता येणार नाही. पण अडीअडचणीला आईनं दिला तरी चालतो. पाणी आणि तीन नावं — पिता, पुत्र, पवित्र आत्मा."
प्रार्थना करून गेले. ह्यांनी डोळे मिटले होते, सासूबाईंनीही. माझे उघडेच. पहिल्या खेपेला पोट रिकामं झालं, तेव्हापासून माझं नि देवाचं बोलणं बंद आहे.

शुक्रवार, ७
बोट धरलं त्याने माझं. दुसऱ्या हाताचं बोट ओलं करून उभी होते. नाही लावलं. लावलं की मीच त्याला जा म्हटल्यासारखं होईल.

शनिवार, ८
सकाळी गेला.

सोमवार, १०
पुरून आलो. झगा तसाच घातला, आत न घेता. एवढ्या कापडात तो कुठे होता ते दिसतच नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, "देव लेकरांना दारात अडवत नाही." कळतं. पण दोन थेंब पाणी — तेवढंही जमलं नाही मला. माझ्या हट्टापायी पोर परक्यासारखं गेलं.

गुरुवार, १३
घास उतरत नाही. दुपारी सासूबाई ताट घेऊन शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "तुला सांगणार नव्हते. बुधवारी तुझा डोळा लागला होता. मी आत गेले. पेटीला हात घालायची भोकं असतात ना, त्यातून बोट लावलं कपाळाला. ओलं. तिन्ही नावं घेतली. तुला विचारलं नाही — हवं तर बोल मला."
त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडले. मग जेवले. सगळं जेवले.

शुक्रवार, १४
आत आईशिवाय कोणालाच सोडत नव्हते. ह्यांनासुद्धा काचेतूनच दाखवायचे.
सासूबाई जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या.
आज हात जोडले. त्यांच्यासाठी.