जास्तीचे तास

गुरुवार, १७ तारीख

प्रिय ताई,

मी ठणठणीत आहे, तू आणि भाऊजीही तसेच असाल असं धरून चालतो. आईला सांग, वेळेवर जेवतो.

सगळं फिसकटलं ते सोमवारी दुपारी, पाळ्यांचा नवा तक्ता भिंतीवर लागला तेव्हा. पण आधी तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस, दुकानांतल्या नोकरांचे आठवड्याचे सरासरी तास वाढलेत, म्हणजे बाजार उठतोय. मालक आधी तास वाढवतात, मग माणसं घेतात. मंदी आली की आधी तास कापतात, मग माणसं. तुम्ही ऑफिसातून दुकानादुकानाला फोन करून हे गोळा करता, तेव्हा खोटं कसं म्हणू? पण ताई, आमच्याकडे माशा मारायलाही माशी नाही. तरी माझे तास वाढलेले! ही तेजी की मंदी, तूच सांग. माझं डोकं पार भंजाळलंय.

चादरी-टॉवेलांचा विभाग माझा. समोरच पैसे घ्यायचा काउंटर, तिथे ती बसते. (हो, तीच. हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस.) माझी पाळी चारला संपते, तिची आठला. चार वाजले की माझ्या हातांना एकदम कामं सुचतात. घडी घातलेले टॉवेल उलगडतो, पुन्हा घडी घालतो. एकदा ती म्हणाली, "त्या निळ्या टॉवेलला आता चक्कर येईल." त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला.

तर तक्ता. माझे तास होते तेवढेच, तिचे थेट निम्मे. माझी सटकली. तडक साहेबांच्या खोलीत शिरलो. म्हटलं, "तिच्यावर कसला राग काढताय? गरीब गाय सापडली म्हणून?" आवाज अर्थातच काउंटरपर्यंत. कॉलेजात सरांशी भांडून शिक्षण सोडलं होतं, तसाच. तेव्हा निदान नुकसान माझं एकट्याचं झालं होतं.

साहेब चिडले नाहीत. त्यानेच मी गडबडलो.

"बस. आपल्याला वरून, मुख्य ऑफिसातून, विक्रीच्या मानाने तास मिळतात, सगळ्या दुकानाला मिळून. एकाने जास्त खाल्ले की दुसऱ्याच्या ताटातले जातात. सगळ्यांत नवी ती. तू संध्याकाळी कार्ड कधी ओढतोस रे?"

मी खिशातलं कार्ड चाचपलं.

"मला वाटलं, पोरगं मेहनती आहे."

कळलं ना ताई? मला नीट लिहवत नाहीये. मशीनवर कार्ड ओढलं की आपले तास थांबतात. मी ते रोज तिच्याबरोबर ओढत होतो. आठला.

लगेच तिच्याकडे गेलो. म्हटलं, "मी नोकरी सोडतो. माझे तास तुला."

"सोडण्यात तू पटाईत आहेस, ठाऊक आहे," ती म्हणाली. "तू गेलास तर तुझे तास वरच जातील. विक्री आहे कुठे इथे? माझ्यासाठी काही करायचंच असेल तर चार वाजता घरी जा."

"मग बोलशील माझ्याशी?"

"आधी जाऊन दाखव."

हे ‘हो’ होतं की ‘नाही’? तीन दिवस तेच घोळवतोय. जवळ राहिलो तर तिचं जातं, लांब गेलो तर ती मला दिसत नाही. तुमच्या सरासरीत असलं खूळ कुठे मांडतात ग? आमच्या दुकानापुरतं तरी लिहून ठेव: बाजार उठला नव्हता, मी उठत नव्हतो.

हे पत्र मागच्या खोलीत, डबे ठेवायच्या बाकावर बसून लिहितोय. दार अर्धं उघडं आहे, म्हणजे काउंटर दिसतो. तिची पाळी आता आठवड्यातून तीनच दिवस, आज त्यातला एक. मघाशी ती पाणी प्यायला आली. माझ्या कागदाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि काउंटरवर परत गेली.

खरं सांगू? माझी पाळी केव्हाच संपली. कार्ड अजून खिशातच आहे. तुला पत्र लिहायच्या नावाखालीसुद्धा मी तिच्याच ताटातलं खातोय.

उठतो. कार्ड ओढून मागच्याच दाराने निघतो, काउंटरसमोरून गेलो तर पाय अडकतील. दार हळू लावणार होतो, पण नको. जोरात लावतो. मी गेलो, हे तिला ऐकू गेलं पाहिजे.

उशिरा का होईना, निघालेला,
तुझा धाकटा