कुसैरला आता बोट येणार नाही, असे लेखी मिळणेबाबत

प्रति,
मुख्य वकील साहेब,
इंग्रज वकिलात कचेरी, कैरो.

विषय: मयत उतारूंना बोट बंद झाल्याचे लेखी कळवून अर्जदारास मोकळे करणेबाबत.
संदर्भ: कुसैरची वकिलात बंद करण्याचा आपला हुकूम.

महोदय,

१. मी तांबड्या समुद्रावरील कुसैर बंदराच्या वकिलातीचा पहारेकरी. हिंदुस्थानला जाणारे इंग्रज उतारू नाईलवरून उंटांनी येऊन येथे बोट धरीत, तेव्हा मला जेवायला फुरसत नसे. पुढे बोटी सुवेझला लागू लागल्या. आता कालवा झाल्यापासून त्या लांबूनच धूर सोडीत निघून जातात. वकील साहेब गेले, निशाण उतरले. मागे राहिलो मी आणि आवारातले कबरस्तान.

२. खर्चाच्या वाटणीप्रमाणे हिंदुस्थानला जाताना वारलेल्यांच्या कबरी मुंबई सरकारने राखायच्या, परतताना वारलेल्यांच्या लंडन सरकारने. एका बाईंची कबर मात्र कोणीच घेत नाही. त्या तापात बेशुद्ध असताना धर्मशाळेत सापडल्या आणि शुद्धीवर न येताच वारल्या. जात होत्या की परतत होत्या, याचा कागद नाही. दोन्हीकडून हुकूम आला की समक्ष चौकशी करून कळवावे.

३. त्याप्रमाणे समक्ष चौकशी केली. बाई रोज मावळतीला धक्क्यावर येऊन बसतात. मी अदबीने विचारले. म्हणाल्या, "मन्सूर, जी बोट आधी येईल तिने जाईन. तू फक्त हाक मार." हे दोन्हीकडे कळवले, उत्तर नाही. हल्ली बाकीच्या कबरींतलेही येऊ लागले आहेत. धूर दिसला की सगळे उठून उभे राहतात, आणि गेला की माझ्याकडे बघतात. मला ते सहन होत नाही, साहेब.

४. माझी मुलगी नफीसा केना गावी असते. तिचा निरोप येतो, "बाबा, मेल्यावर येणार आहात का माझ्याकडे?" मला जायचे आहे. पण मी गेलो तर यांना हाक कोण मारणार? बोट येणार नाही, असे सांगूनही पाहिले. बाई हसल्या. "पहारेकऱ्याच्या तोंडी सांगण्यावर कुणी परत फिरतं का? सरकारचा कागद दाखव."

५. सबब विनंती की, 'या वाटेने आता बोट येणार नाही, वाट पाहू नये' एवढी एक ओळ दोन्ही सरकारांच्या शिक्क्यांनिशी मिळावी. शिक्क्यांच्या लाखेचा खर्च उभयतांनी निम्मा निम्मा सोसावा. त्यावर वाद होणार असेल तर लाखेचे पैसे मी देतो.

६. कृपा करून उशीर लावू नये. परवा धूर दिसला तेव्हा त्यांच्याबरोबर मीही उठून उभा राहिलो.

आपल्या कागदाची वाट पाहणारा, नम्र,
मन्सूर अवाद
कुसैर बंदर, मार्च १८७१

सोबत: काही नाही. फाटकाची किल्ली कागद आल्यावर पाठवीन.